बारा मतं, दोनदा

28 एप्रिल 2025 ला कॅनडात संसदेची निवडणूक झाली. देशाच्या पूर्व टोकाला, न्यूफाउंडलंड बेटावर, ‘टेरा नोव्हा–द पेनिन्सुलाज’ नावाचा एक मतदारसंघ आहे. तिथे लिबरल पक्षाचे अँथनी जर्मेन 12 मतांनी जिंकले. मग फेरमोजणी झाली आणि 23 मे रोजी कंझर्व्हेटिव्ह पक्षाचे जॉनथन रो विजयी ठरले. तेही 12 मतांनीच! एकूण मतं एक्केचाळीस हजारांच्या आसपास. फरकाचा आकडा तोच राहिला, बदलला तो खासदार. हे वाचलं तेव्हा मी आधी आकडे पुन्हा तपासले, आणि मग हे घडलं कसं याचा शोध घेत बसलो.

आधी तो प्रदेश पाहू. बोनाव्हिस्टा हे द्वीपकल्प ईशान्येला समुद्रात घुसलेलं, ब्युरिन हे दुसरं नैऋत्येला. मधल्या किनाऱ्यावर खाडीखाडीला वसलेली छोटी गावं. त्यांतल्या कित्येक गावांना एके काळी होडीशिवाय वाटच नव्हती. ब्युरिनच्या फॉर्च्युन बंदरातून फेरीबोट सुटते ती थेट फ्रान्सच्या हद्दीत, सेंट पिएर बेटावर जाते. ही सगळी वस्ती जगली कॉड माशावर. 2 जुलै 1992 ला सरकारने नॉर्दर्न कॉडच्या मासेमारीवर बंदी घातली आणि जवळजवळ 30,000 माणसांचं काम गेलं. तरुण मुलं पोटापाण्यासाठी दूरच्या प्रांतांत गेली. जे मागे राहिले, त्यांच्यासाठी मासेमारीचा कोटा कोण ठरवणार, हा दूर राजधानीतला, ओटावातला प्रश्न नसतो. तो घरातला प्रश्न असतो. आणि समुद्रातल्या मासेमारीचा कारभार केंद्र सरकारच्या हातात आहे, म्हणून संसदेत आपला खासदार कोण, हाही.

न्यूफाउंडलंडच्या घड्याळाचीही एक गंमत आहे. आपल्यासारखंच तेही अर्ध्या तासाच्या हिशेबावर चालतं, त्यामुळे तिथला आणि आपला मिनिटकाटा नेहमी एकाच जागी असतो. त्या रात्री साडेआठला तिथलं मतदान संपलं तेव्हा महाराष्ट्रात पहाटेचे साडेचार वाजले होते. अख्ख्या कॅनडात सर्वांत आधी मतदान संपतं ते इथेच.

आता मतपत्रिका. कॅनडाच्या संसदेची निवडणूक आजही कागदावर होते, तिथे ईव्हीएम नाही. मतपत्रिकेवर काळ्या पार्श्वभूमीवर उमेदवारांची नावं पांढऱ्या अक्षरांत छापलेली असतात आणि प्रत्येक नावापुढे एक पांढरं वर्तुळ असतं. मतदाराला पेन्सिल दिली जाते. हवं तर त्याने स्वतःचं पेन वापरावं. वर्तुळात खूण करायची, घडी घालायची, पेटीत टाकायची. फुलीच हवी असं नाही, बरोबरची खूणही चालते. आपल्याकडे शिक्का मारून मत देण्याचा काळ ज्यांना आठवतो, त्यांना पुढची अडचण लगेच कळेल. दोन उमेदवारांच्या मधल्या रेषेवर शिक्का पडला की मोजणीच्या टेबलावर केवढा वाद होत असे! इथे तर शिक्काही नाही, माणसाच्या हाताची रेघ आहे. एखाद्याची खूण वर्तुळाबाहेर सरकते. कोणी एकाला खूण करून मग दुसऱ्यालाही करतो. कोणी कागदावर असं काही लिहितो की ते मत कुणाचं हे ओळखू यावं, आणि ते मत बाद होतं.

मतदानाच्या रात्री हे निवाडे केंद्राकेंद्रावर होतात. पेटी तिथल्या तिथे उघडली जाते. अधिकारी एकेक मतपत्रिका उलगडून हजर असलेल्यांना दाखवतो आणि नोंद करतो. दिवसभर काम करून थकलेली ही माणसं अतिशय सचोटीने मोजतात. तरीही शंभर टेबलांवर शंभर जोडी डोळे असले, की काठावरची खूण एका गावात ग्राह्य धरली जाते आणि शेजारच्या गावात बाद होते.

कायद्याला याची जाणीव आहे. पहिल्या दोन उमेदवारांतला फरक एकूण वैध मतांच्या हजाराव्या भागाहून कमी असेल तर फेरमोजणी आपोआप होते, कुणी मागणी करावी लागत नाही. आणि ती न्यायाधीशासमोर होते. इथे ती मेरीस्टाउन या गावात झाली, प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गॅरेट हँड्रिगन यांच्यासमोर. टेबलावर मतपत्रिका धरणारा, नोंद करणारा आणि दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी, सगळे डोळ्यांत तेल घालून बसलेले. कुणी हरकत घेतली की ती मतपत्रिका बाजूला निघते. अशा हजाराहून जास्त मतपत्रिका निघाल्या आणि त्यांतली प्रत्येक न्यायमूर्तींच्या नजरेखालून गेली. हे काम कित्येक दिवस चाललं.

या गोष्टीत मला सर्वांत भावतं ते हेच. कुठल्याशा खाडीकाठच्या गावात कुणीतरी पेन्सिलीने ओढलेली एक कच्ची रेघ, आणि तिच्यासमोर बसलेला एक न्यायाधीश. प्रश्न एकच: या माणसाला काय म्हणायचं होतं? मतदार कोण हे कुणाला ठाऊक नाही, ठाऊक व्हायलाही नको. तरी त्याचा शब्द वाया जाऊ नये म्हणून एवढी माणसं खपतात.

शेवटचा आकडा असा लागला: रो 19,605, जर्मेन 19,593. कित्येक वर्षं पत्रकारिता केलेल्या जर्मेन यांच्या हातातोंडाशी आलेला घास गेला. लिबरल पक्ष 343 पैकी 169 जागांवर थांबला. बहुमताला 172 लागतात.

काटा बारावरून उलट बाजूच्या बारावर गेला, म्हणजे एकूण 24 मतांनी हलला. तो बरोबर मध्यावर थांबला असता तर? मुंबई महापालिकेच्या 2017 च्या निवडणुकीत गिरगावच्या एका प्रभागात शिवसेना आणि भाजपच्या उमेदवारांना सारखी मतं पडली, तेव्हा चिठ्ठी काढून निकाल लावला होता. कॅनडाचा कायदा ते काम नशिबावर सोडत नाही. न्यायाधीशासमोरच्या मोजणीनंतरही बरोबरी राहिली तर तिथे पोटनिवडणूक घ्यावी लागते. म्हणजे दोन्ही द्वीपकल्पांतल्या गावागावांत पुन्हा पेट्या जातात, आणि प्रत्येक मतदाराच्या हातात पुन्हा पेन्सिल येते.