वर्गणी कोणाच्या खात्यात?

इलेक्टोरल बाँडची गुप्त थैली सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविली. आम्ही स्वागत केले. पण आपल्या वर्गणीचे काय? कांशीरामजींनी १९८८ च्या अलाहाबाद पोटनिवडणुकीत मतासोबत एक नोट मागितली. नोट देणारा मत विकत नाही! आज गंगापूरचा शेतमजूरही मोबाईलवरून वीस रुपये पाठवू शकतो. मात्र ते कार्यकर्त्याच्या खाजगी नंबरवर नकोत. उमेदवाराला निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते. ऑनलाईन वर्गणी तेथेच जावी, पावती मिळावी. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब दिला नाही, तर निवडणूक आयोग तीन वर्षे अपात्र ठरवू शकतो. समाजबांधवांनो, पैसे पाठविण्यापूर्वी खाते कोणाचे ते विचारा. कोणी रागावले तर रागावू द्या.