संख्याशास्त्राची उन्हाळी इंटर्नशिप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी इंटर्नशिप आता केवळ हौसेची बाब राहिलेली नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांनी पदव्युत्तर पहिल्या वर्षात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ म्हणजे ओजेटी किंवा क्षेत्रीय प्रकल्प हा 4 क्रेडिटचा भाग ठेवला आहे. एका क्रेडिटला 30 तास धरले, तर हे 120 तास होतात. सक्ती आली तशी धावपळ आली आणि धावपळीत काही समजुती पक्क्या झाल्या. इंटर्नशिप म्हणजे नोकरीची पहिली पायरी, एवढाच तिचा अर्थ धरल्यामुळे या समजुती तयार होतात. वर्गात आकडे तयार मिळतात. ते कोणी, कसे आणि कोणत्या अडचणींतून गोळा केले, हे तिथे क्वचितच दिसते. आकडा तयार होताना पाहायला मिळणे हा संख्याशास्त्राच्या इंटर्नशिपचा खरा लाभ आहे. प्रचलित समजुती याच कसोटीवर तपासायला हव्यात.

गैरसमज 1 : डेटा साफ करणे हे कारकुनी काम, खरे संख्याशास्त्र मॉडेलमध्ये असते

वस्तुस्थिती अशी की सूत्र बिनचूक असूनही उत्तर चुकते, तेव्हा चूक बहुतेक वेळा आकडे गोळा करण्यात किंवा मांडण्यात असते. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे पीक कापणी प्रयोगांवरील काम याचा उत्तम दाखला आहे. शेतात ठराविक मापाचा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापून वजन करायचे आणि त्यावरून उत्पादनाचा अंदाज बांधायचा, ही ती पद्धत. तुकडा लहान असेल तर उत्पादन फुगलेले दिसते, हे सुखात्मे यांनी दाखवले आणि 1946 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्रफळाच्या मानाने त्याची कड लांब. आणि कडेवरची ताटे मोजणाऱ्याच्या हातून आत धरली जाण्याकडे कल असतो. असे हजारो लहान तुकडे घेतले, तरी ही चूक कमी होत नाही. नमुना वाढवला की अंदाज सुधारतो, असे शिकलेल्या विद्यार्थ्याला ही मर्यादा बांधावर उभे राहिल्यावर नीट उमगते. आज पीकविम्याची भरपाई ठरवतानाही याच प्रयोगांचा आधार घेतला जातो, त्यामुळे कडेवरच्या ताटांचा प्रश्न शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोहोचतो.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये मांडले की सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 90 टक्क्यांवर गेले, की सरासरी आर्थिक वाढ उणे 0.1 टक्क्यावर येते. सरकारी काटकसरीच्या समर्थनासाठी हा निष्कर्ष अनेक देशांत वापरला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तीच गणिते पुन्हा करत होता. मूळ तक्ता मिळाल्यावर त्याला दिसले की सरासरीच्या सूत्रातून 5 देश सुटले आहेत. काही वर्षांचे आकडे वगळणे आणि देशांना दिलेला भार, हेही आक्षेपार्ह होते. 2013 मध्ये त्याने दोन प्राध्यापकांसह केलेल्या फेरमांडणीत ती सरासरी अधिक 2.2 टक्के निघाली. हे काढायला कोणतेही प्रगत मॉडेल लागले नाही. ओळीनओळ तपासण्याची चिकाटी लागली. ज्याला कारकुनी म्हणून नाक मुरडले जाते, तेच हे काम.

गैरसमज 2 : मोठ्या कंपनीचे नाव मिळाले तरच उपयोग

याला गैरसमज म्हणण्यावर रास्त आक्षेप असा की नोकरी देणारा आधी नाव पाहतो. नावाने दार उघडते, हे खरेच. पण मुलाखतीत पुढचा प्रश्न ‘तिथे काय केले?’ हाच असतो. मोठ्या यंत्रणेत इंटर्नच्या वाट्याला अनेकदा तयार तक्त्याचा एक कोपरा येतो आणि तो तक्ता कुठून आला, हे शेवटपर्यंत कळत नाही. छोट्या ठिकाणी प्रश्नावलीपासून अहवालापर्यंतचे सगळे टप्पे पाहायला मिळण्याची शक्यता अधिक. शिवाय संख्याशास्त्राचे क्षेत्र डेटा सायन्सच्या कंपन्यांपुरते नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम मुंबईतील देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने पाहिले आहे. राज्याची आर्थिक पाहणी अर्थ व सांख्यिकी संचालनालय तयार करते. औषधांच्या चाचण्या, विमा, कारखान्यांतील गुणवत्ता नियंत्रण आणि कृषी विद्यापीठांतील वाणांचे प्रयोग, या सगळ्यांना संख्याशास्त्र लागते. अर्ज करताना ‘कंपनी कोणती’ याआधी ‘आकडे गोळा करणाऱ्या माणसाशी माझी भेट होईल का’ हे विचारावे.

गैरसमज 3 : उन्हाळ्याची गोष्ट उन्हाळा आला की पाहू

चांगल्या संधींची दारे हिवाळ्यातच बंद होतात. रिझर्व्ह बँकेच्या उन्हाळी योजनेत एप्रिल ते जुलै या काळासाठी जास्तीत जास्त 125 विद्यार्थी घेतले जातात आणि अर्जाची मुदत 15 ऑक्टोबर ते 15 डिसेंबर अशी ठेवलेली असते. विद्यार्थी पदव्युत्तर किंवा पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाच्या उपांत्य वर्षात असावा लागतो. म्हणजे दोन वर्षांच्या एमएस्सीला प्रवेश घेतल्यावर काही महिन्यांतच अर्ज करायचा, आणि तीन वर्षांच्या बीएस्सीला तो करताच येत नाही. देशातील तीन विज्ञान अकादमींच्या 8 आठवड्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठीही आदल्या वर्षीच अर्ज करावा लागतो. 2024 मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेबद्दलही गोंधळ आहे. सुरुवातीच्या नियमांनुसार ती 12 महिन्यांची होती आणि पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती. उन्हाळी सुट्टीसाठी तिच्यावर विसंबून राहू नये.

गैरसमज 4 : पैसे भरून का होईना, प्रमाणपत्र मिळवावे

इंटर्नकडूनच शुल्क घेणारा उपक्रम हा अभ्यासवर्ग असतो, इंटर्नशिप नव्हे. तयार डेटावर ठरलेले स्वाध्याय करून मिळालेल्या कागदाने आकड्याच्या जन्माची ओळख होत नाही. तरीही यामागची अडचण खरी आहे. नांदेडच्या किंवा नंदुरबारच्या विद्यार्थ्याला बिनपगारी कामासाठी दोन महिने पुण्या-मुंबईत राहणे परवडत नाही. त्याला फुकट राबण्याचा उपदेश करणे अन्यायाचे आहे. स्टायपेंड मिळायलाच हवा. पण तो मिळेपर्यंत शिकणे थांबण्याचे कारण नाही. राष्ट्रीय नमुना पाहण्यांचा कुटुंबनिहाय डेटा सांख्यिकी मंत्रालयाने संकेतस्थळावर विनामूल्य खुला केला आहे. 2022-23 ची घरगुती उपभोग खर्च पाहणी घ्या. तिच्यात एकाच कुटुंबाकडे तीन महिन्यांत खर्चाच्या तीन वेगळ्या प्रश्नावल्या घेऊन तीन भेटी दिल्या गेल्या. 2011-12 मध्ये पद्धत वेगळी होती. मग दोन्ही आकडे थेट शेजारी ठेवता येतील का? प्रश्नावली वाचून, भार लावून, प्रसिद्ध झालेला एखादा तक्ता स्वतः काढून पाहणे आणि तो का जुळत नाही हे शोधणे, यात उन्हाळा सहज जातो. या अभ्यासाला गावातल्या पतसंस्थेच्या किंवा आरोग्य केंद्राच्या नोंदींवरच्या कामाची जोड, परवानगीने आणि लोकांची ओळख गुप्त राखून, देता येते.

म्हणून ओजेटीचे 120 तास केवळ सही-शिक्क्यात संपवू नयेत, अशी विद्यार्थ्यांइतकीच शिक्षकांनाही विनंती आहे. मूल्यमापनात कंपनीचे नाव आणि सॉफ्टवेअरची यादी पाहण्यापेक्षा दोन प्रश्न विचारा : हे आकडे कसे आले, आणि त्यांत काय चुकलेले असू शकते? ज्याला या दोहोंचे उत्तर देता येते, त्याची इंटर्नशिप सार्थकी लागली.