घटक ४ : बीजगणिताची उजळणी – प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस
• धन आणि ऋण संख्यांचे नियम कारणासह सांगता येतील.
• व्यवहारातील प्रश्न समीकरणाच्या रूपात मांडता येईल व सोडवता येईल.
• नेहमी होणाऱ्या दोन चुका ओळखून टाळता येतील.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रांनो, पदवीनंतर व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे वळायचे असेल, तर राज्याची सामायिक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. अलीकडच्या वर्षांत या परीक्षेचे स्वरूप १५० मिनिटांत २०० प्रश्न असे राहिले आहे. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद मिळतात. त्यांपैकी ५० प्रश्न संख्यात्मक क्षमतेचे असतात. दहावीनंतर गणिताचे पुस्तक मिटले आणि पुढची दहा-पंधरा वर्षे शेती, नोकरी व संसार यांत गेली, असे आपल्यापैकी अनेकांचे असते. या ५० प्रश्नांच्या धास्तीने काही जण अर्जच भरत नाहीत. ही माघार अनाठायी आहे.

पुणे-नाशिक मार्गावरील पेठ या गावचा शेतकरी मंचरच्या बाजारात कांदा विकतो, हाती आलेली पट्टी वाचतो आणि 'रक्कम जुळत नाही' असे म्हणतो. तेव्हा तो बीजगणितच करीत असतो. त्याच्याजवळ उणीव असते ती केवळ चिन्हांच्या सवयीची. चिन्हेही काळाच्या ओघात घडली आहेत. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई व कार्षापण नाणी यांच्या संख्या त्यात अंकांत कोरल्या आहेत. तेथे दहा, शंभर व हजार यांसाठी स्वतंत्र चिन्हे आहेत, शून्य नाही. आज आपण ज्या सहजतेने मोठी संख्या लिहितो, ती सहजता पुढील अनेक पिढ्यांनी मिळवलेली आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ धन आणि ऋण

धन म्हणजे जवळ असलेले व ऋण म्हणजे कर्ज, हा अर्थ या संज्ञांतच आहे. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने या दोहोंच्या बेरीज, वजाबाकी व गुणाकाराचे नियम दिले. त्यांपैकी एक असा : शून्यातून ऋण वजा केले, तर धन उरते. सोसायटीचे ५०० रुपयांचे कर्ज माफ झाले, तर आपली स्थिती ५०० रुपयांनी सुधारते. म्हणून – (–५००) = +५००.

परीक्षेत पहिली चूक येथेच होते. ५ – २(क्ष – ३) हा कंस सोडवताना अनेक जण ५ – २क्ष – ६ असे लिहितात. कंसाबाहेरील –२ ने कंसातील दोन्ही पदांना गुणावयाचे असते; (–२) × (–३) = +६. म्हणून योग्य उत्तर ५ – २क्ष + ६, म्हणजेच ११ – २क्ष.

४.२.२ एका चलाचे समीकरण

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग मानले जातात. अज्ञात राशीला ते 'यावत्तावत्' म्हणत व 'या' असे आद्याक्षर लिहीत. एकाहून अधिक अज्ञात राशी असल्यास कालक, नीलक अशी रंगांची नावे घेत. आपला 'क्ष' हे तेच काम करतो : जे माहीत नाही, त्याला आधी नाव द्यावे.

उदाहरण १ : एका शेतकऱ्याने कांद्याच्या काही पिशव्या प्रत्येकी ७०० रुपयांना विकल्या. हमाली व तोलाईपोटी प्रत्येक पिशवीमागे २० रुपये आणि टेम्पोचे भाडे एकूण १,२०० रुपये गेले. हाती १५,१२० रुपये आले. पिशव्या किती?

पिशव्या क्ष मानू. प्रत्येक पिशवीमागे ७०० – २० = ६८० रुपये राहिले.
६८०क्ष – १,२०० = १५,१२०
दोन्ही बाजूंत १,२०० मिळवू : ६८०क्ष = १६,३२०
दोन्ही बाजूंना ६८० ने भागू : क्ष = २४

'पद पलीकडे नेले की चिन्ह बदलते' हा नियम केवळ पाठ करू नका. दोन्ही बाजूंवर एकच क्रिया केली, तर तराजू समतोल राहतो. चिन्ह बदलते ते त्यामुळे.

४.२.३ दोन चलांची समीकरणे

उदाहरण २ : नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे ४० क्रेट विकले गेले. चांगल्या मालाला क्रेटमागे ३०० व दुय्यम मालाला २०० रुपये मिळाले. एकूण रक्कम १०,५०० रुपये. चांगल्या मालाचे क्रेट किती?

क्ष + य = ४०
३००क्ष + २००य = १०,५००
पहिल्या समीकरणास २०० ने गुणून ते दुसऱ्यातून वजा करू : १००क्ष = २,५००; क्ष = २५, य = १५.

हीच रीत तोंडी अशी : सर्व माल दुय्यम मानला, तर ८,००० रुपये होतात. प्रत्यक्षात २,५०० जास्त आहेत. प्रत्येक चांगला क्रेट १०० रुपये जास्त देतो. म्हणून असे क्रेट २५. लेखी रीतीचे कारण समजले, की तोंडी रीत ४५ सेकंदांत बसते.

४.२.४ वर्गविस्तार

दुसरी नेहमीची चूक म्हणजे (अ + ब)² = अ² + ब² असे लिहिणे. १० फूट बाजूचा चौरस वाफा दोन लगतच्या बाजूंनी ३-३ फूट वाढवला. नवे क्षेत्रफळ १०० + ९ नव्हे; कडेच्या ३० चौरस फुटांच्या दोन पट्ट्याही त्यात येतात. १०० + ६० + ९ = १६९. म्हणून (अ + ब)² = अ² + २अब + ब².

४.३ सारांश

अज्ञाताला नाव देणे, दोन्ही बाजूंवर समान क्रिया करणे आणि मिळालेले उत्तर मूळ प्रश्नात घालून पडताळणे, ही बीजगणिताची तीन अंगे होत. रोज पाच उदाहरणे प्रथम कारणासह लिहून सोडवा. घड्याळ लावून सराव त्यानंतरच सुरू करा.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ७ – ३(क्ष – २) = १, तर क्ष = ?
२. एस.टी.तील ३० प्रवाशांकडून १,०२० रुपये जमा झाले. पूर्ण तिकीट ४० व अर्धे २० रुपये असल्यास अर्धी तिकिटे किती?
३. ९८ चा वर्ग वर्गविस्ताराने काढा.

उत्तरे : १) ४  २) ९  ३) ९,६०४

उत्तर चुकल्यास पाने उलटून तो उपघटक पुन्हा वाचा आणि आपली चूक कोणत्या पायरीवर झाली, ते वहीत एका वाक्यात लिहून ठेवा. परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचण्यासाठी त्या वाक्यांहून चांगली टिपणे आपणांस मिळणार नाहीत.