हवापालट की गर्दीपालट?

सुटीचे दिवस जवळ आले की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. रक्तदाब मोजून होतो, गोळ्या लिहून होतात आणि रुग्ण उठता उठता विचारतो, "डॉक्टर, चार दिवस कुठेतरी जाऊन येऊ का? डोकं अगदी भणभणलंय." उत्तर बहुधा "अवश्य जा" असेच असते. पण परत आलेल्या मंडळींपैकी कित्येकांचे चेहरे जाताना होते त्यापेक्षा अधिक ओढलेले दिसतात. घाटात गाड्यांच्या रांगेत तीन तास गेलेले असतात, हॉटेलात मध्यरात्रीपर्यंत गाण्यांचा धिंगाणा चाललेला असतो, वेळी-अवेळी खाल्ल्याने पोट बिघडलेले असते आणि रक्तदाबाची गोळी दोन दिवस चुकलेली असते. याला हवापालट म्हणायचे की गर्दीपालट?

हवापालट हा शब्द आपल्याकडे जुना आहे. क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन येण्यापूर्वी, म्हणजे १९४० च्या दशकापर्यंत, डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. रुग्णाला पाचगणीसारख्या ठिकाणच्या आरोग्यधामात पाठवत. मोकळी हवा, सकस अन्न, भरपूर झोप आणि शांतता हेच तिथले उपचार. क्षय त्याने हमखास बरा होत नसे, तो खरा बरा झाला औषधांनी. परंतु थकलेल्या शरीराला विश्रांती लागते आणि विश्रांतीला शांत जागा लागते, हे त्या काळच्या डॉक्टरांनी अचूक ओळखले होते.

शांततेचे शरीरशास्त्र

आवाज फक्त कानाला त्रास देतो अशी अनेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात मोठा किंवा अचानक आवाज झाला की शरीर ती धोक्याची सूचना समजते. अॅड्रिनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात. झोपेतही हे घडते, सकाळी आपल्याला आठवत नाही इतकेच. वर्षानुवर्षे असे होत राहिले की रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, एकट्या पश्चिम युरोपात वाहतूक वगैरेंच्या गोंगाटामुळे दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लाख वर्षे वाया जातात. आपल्याकडील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. लग्नसराईत ती किती पाळली जाते हे सुज्ञास सांगणे न लगे.

झाडांच्या सहवासाचाही अभ्यास झाला आहे. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा, थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. जपानने १९८२ मध्ये 'वनस्नान' ही कल्पना मांडली. स्नान म्हणजे पाण्याचे नव्हे, जंगलात सावकाश, निरुद्देश वावरायचे. इंग्लंडमध्ये सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत, आठवड्याला दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती अधिक चांगली असल्याचे सांगितले. हे पुरावे मधुमेहाच्या गोळीइतके पक्के नाहीत. पण दुष्परिणाम नसलेले औषध म्हणून करून पाहण्यास हरकत नसावी.

आपल्या दाराशी असलेले जंगल

आपला अहिल्यानगर जिल्हा म्हटले की बाहेरच्यांना शिर्डी आणि शनिशिंगणापूरची गर्दी आठवते. पण पश्चिमेला अकोले तालुक्यात याच जिल्ह्याचे दुसरे रूप आहे. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, हरिश्चंद्रगड, १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा धरण, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आणि पावसाळ्यात ढगात बुडालेले घाटघर. १९८६ मध्ये घोषित झालेले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचे आहे.

मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत येथील सादडा, हिरडा, बेहडा, जांभळाची झाडे काजव्यांनी लखलखतात. हा प्रकाश म्हणजे काजव्यांची लग्नाची बोलणी. नर लुकलुकून साद घालतो, मादी उत्तर देते. वर्षातला बहुतेक काळ अळीच्या रूपात जमिनीत काढून या कीटकाला प्रौढपणी जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. त्याच आठवड्यांत शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात, मोबाइलचे दिवे झाडांवर रोखले जातात, गवत तुडवले जाते. अंधार नसेल तर सादही नाही आणि उत्तरही नाही. पुढच्या वर्षी काजवे कमी झाले तर दोष पावसाला देऊन चालणार नाही.

या गर्दीचा डॉक्टर म्हणून जाणवणारा आणखी एक पैलू आहे. रस्ते अरुंद, घाटाचे. वाड्या-वस्त्यांवर महादेव कोळी, ठाकर समाजाची माणसे राहतात. अशा एखाद्या रात्री तिथली बाळंतीण किंवा सर्पदंश झालेला मुलगा जीपमध्ये असेल आणि पुढे पाहुण्यांच्या गाड्या आडव्या-तिडव्या उभ्या असतील, तर? आपली सहल कोणाच्या जिवावर बेतू नये.

आलिशान तंबूत उतरण्यापूर्वी

गर्दीला कंटाळलेल्यांसाठी आता जंगलाच्या कडेला आलिशान तंबू, लाकडी कुटिरे, खासगी बंगले निघाले आहेत. "एकांत" हाच त्यांचा माल. पैसे असतील त्यांनी जरूर जावे, त्यात गैर काही नाही. मात्र गादी किती जाड आणि स्नानगृह किती चकचकीत यापेक्षा पुढील प्रश्न आधी विचारावेत.

१) रात्री किती वाजता ध्वनिक्षेपक बंद होतो? ठाम उत्तर आले नाही तर तिथे एकांत नाही.

२) जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे आणि रात्री वाहन व चालक हजर असतो का? भंडारदऱ्याच्या पलीकडच्या गावांतून राजूर, अकोले आणि मग संगमनेर किंवा नाशिक असा प्रवास घाटाने करावा लागतो. जागा जितकी एकांताची तितकी मदत दूर, हे गणित पैशाने बदलत नाही.

३) मोबाइलला रेंज कुठे मिळते? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावण्यासाठी आधी फोन लागावा लागतो.

४) पिण्याचे पाणी उकळलेले किंवा नीट शुद्ध केलेले असते का? निवासाला जाळी, मच्छरदाणी आणि जमिनीपासून उंच खाट आहे का?

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, चालताना छातीत दुखणारे, साखर किंवा फिट्स ताब्यात नसलेले रुग्ण आणि दिवस भरत आलेल्या गर्भवती यांनी अशा दूरच्या जागी मुक्काम करू नये. पन्नाशी ओलांडलेल्या, एरवी जिना चढताना धापा टाकणाऱ्या गृहस्थांनी मुलांच्या आग्रहाखातर कळसूबाईच्या शिड्या चढू नयेत. धरणाकाठी झाडाखाली बसण्यानेही हवापालट होते.

जंगलातली पथ्ये

सर्पदंशाने भारतात दरवर्षी अठ्ठावन्न हजारांच्या आसपास माणसे दगावतात असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे प्रमुख विषारी साप. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश जवळजवळ दुखतही नाही. सकाळी पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या, बोलणे अडखळले तर सर्पदंशाची शंका घ्यावी. दंश झाल्यास घट्ट बांधू नये, कापू नये, चोखू नये, साप पकडण्यात वेळ दवडू नये. अंगठ्या, बांगड्या काढाव्यात, हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, रुग्णाला चालू देऊ नये आणि प्रतिसर्पविष मिळणारे रुग्णालय गाठावे. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्रॅझोसिन या गोळीचा उपयोग जगाला दाखवून दिला. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय थंड पडणे ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांकडे लगेच जावे. बूट घालण्यापूर्वी झटकावेत, रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकू नये. विजेरीचा झोत मात्र पायापाशी ठेवावा, काजव्यांवर नव्हे.

सहलीनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर "जंगलात गेलो होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गवतातल्या अतिसूक्ष्म किड्यांच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस हा आजार वेळीच ओळखला तर साध्या डॉक्सिसायक्लिनने बरा होतो. अंगावर कुठे काळी खपली दिसते का हे पाहावे. पाणथळ, चिखलाच्या जागी वावरल्यास लेप्टोस्पायरोसिसचाही विचार करावा लागतो.

मद्यपान करून धरणात वा धबधब्याखाली उतरू नये. पावसाळ्यात साम्रदच्या सांदण दरीत जाऊ नये. वर डोंगरात पाऊस झाला की खाली क्षणात लोंढा येतो. नेहमीच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्याव्यात आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात.

औषधाची मात्रा

माझी चिठ्ठी साधी आहे. शक्य असेल तर सोमवार ते गुरुवार जा. हंगामातली गर्दी टाळून नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत जा. एका ठिकाणी दोन रात्री राहा, दिवसात पाच ठिकाणे "करू" नका. फोन बंद करून ठेवा, दिवसातून एकदाच उघडा. अंधार पडला की अंधारात बसा. झोपेचे मेलाटोनिन हे संप्रेरक अंधारातच नीट स्रवते. स्थानिक घरी नाचणीची भाकरी आणि पिठले मिळाले तर आलिशान भोजनाची आठवणही येणार नाही, आणि दोन पैसे गावात राहतील.

ज्यांना इतके लांब जाणे जमत नाही त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या दक्षिणेला कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे, पण सकाळी सकाळी काळवीट पाहत दोन तास काढायला पुरेसे. तेही नसेल तर गावाबाहेरचा एखादा ओढा, माळ, जुने वडाचे झाड शोधा. आठवड्यातून एकदा तिथे गप्प बसा. पंधरा दिवस करून पाहा, मग पुढच्या तपासणीला झोप कशी लागते ते सांगा.