चार हजार तासांचा हिशेब

बारामतीजवळच्या कन्हेरीत प्रचाराचा नारळ फुटतो तो मारुतीच्या देवळात. पवार घराण्याची ही जुनी प्रथा. त्या दिवशी तिथे ज्याच्या-त्याच्या हातात मोबाइल. पण असल्या प्रचाराचा व्हिडिओ चार दिवसांत शिळा होतो. याउलट आडसाली उसाच्या बेणेप्रक्रियेचा साधा व्हिडिओ दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये, लागणीच्या तोंडावर, लोक पुन्हा शोधतात. युट्यूब चॅनेल वाढतं ते अशा पुन्हा-पुन्हा शोधल्या जाणाऱ्या व्हिडिओंच्या जिवावर.

युट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तासांचा वॉच टाइम लागतो. (शॉर्ट्सचा रस्ता वेगळा: ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज.) ४००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. माणूस सरासरी चार मिनिटं थांबला, तर ६०,००० व्ह्यूज हवेत; दोनच मिनिटांत पळाला, तर दुप्पट. म्हणून ‘नमस्कार मंडळी’चं पाल्हाळ आधी छाटा. बेणं औषधाच्या द्रावणात बुडतंय, तिथूनच सुरू करा.

आणि गावाकडची बोली लपवू नका. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे ‘आपली आजी’ म्हणून गाजल्या त्या घरचा स्वयंपाक आणि अस्सल बोलणं यांवर, साथ नातवाची. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांचं चॅनेल हॅक झालं, काही दिवसांनी परत मिळालं. प्रत्येकाचं मिळेलच असं नाही. तेव्हा पहिला व्हिडिओ टाकण्याआधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा, आणि पासवर्ड भाच्यालासुद्धा सांगू नका.