दुपारी घरात थांबा, पण कोणत्या घरात?

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी दोनच्या सुमारास उत्तर नागपुरातल्या एका गल्लीत मी उष्माघाताची पत्रकं वाटत होते. ‘दुपारी 12 ते 4 घराबाहेर पडू नका’ ही त्यातली पहिलीच सूचना. एका दारात सत्तरीच्या आजी डोक्यावर ओला पदर घेऊन उंबऱ्यावर बसल्या होत्या. मी म्हटलं, “आजी, उन्हाची झळ लागते, आत बसा ना.” त्या म्हणाल्या, “अंदर येऊन पाय ना बाई.”

आत गेले. वर टिना, खिडकी एकच, तीही बंद. दोन मिनिटांत माझं डोकं गरगरायला लागलं. कूलर कोपऱ्यात होता, पण बंद. “लेकरं कामावर गेली. माह्या एकटीसाठी कायले लावू? बिल कोन भरन?”

बरीच वर्षं मी वॉर्डात काढली. उष्माघाताचे रुग्ण पाहिले, सलाईन लावले. पण बाहेरच्या सावलीपेक्षा घर जास्त तापतं, तिथे आपलं पत्रक काय कामाचं, हा विचार तोवर केला नव्हता. लाज वाटली, खरं सांगते.

टिनाचा पत्रा पातळ असतो. ऊन पडलं की लगेच तापतो आणि ती धग खाली माणसांवर सोडतो. स्लॅबचं उलटं. तो दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री हळूहळू बाहेर टाकतो, म्हणून पंख्याखालीही झोप येत नाही. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्रीचा गारवा हवा असतो. आता रात्रीही पूर्वीसारख्या उतरत नाहीत. मग म्हातारी माणसं, तान्ही बाळं, गरोदर बाया, बीपी-हृदयाचे रुग्ण आधी खचतात. लघवी जास्त होणाऱ्या बीपीच्या गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका, पण उन्हाळ्याआधी डॉक्टरांना एकदा विचारा.

आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. विदर्भात सिकलसेल आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत जास्त आढळतो. अंगातलं पाणी कमी झालं की सिकलसेलच्या रुग्णाला वेदनांचा झटका येऊ शकतो. त्या लेकराला तहान लागायची वाट पाहू नका, बाटली सोबतच द्या. मात्र घामेजलेल्या अंगाने कूलरच्या थेट झोतात त्याला झोपवू नका. एकदम गार लागल्यानेही दुखणं उठू शकतं.

आता बिलाचं बोलू, कारण आजींचा कूलर बिलाच्या भीतीनेच बंद होता. साधा छताचा पंखा साधारण 75 वॅटचा. रोज 20 तास चालला तर महिन्याला 45 युनिट. कूलर 180 वॅटचा धरला आणि रोज 10 तास चालवला, तर 54 युनिट. दोन्ही मिळून 99. टीव्ही, दिवे, फ्रिज आले की शंभरी ओलांडणारच. अनेकींना वाटतं की शंभरच्या वर गेलं की सगळेच युनिट महाग होतात. तसं नाही. वाढीव दर शंभराच्या पुढच्या युनिटांनाच लागतो. भाड्याच्या खोलीत घरमालक सरसकट दर लावतो, ते दुखणं वेगळं. तिथे सब-मीटरचं रीडिंग स्वतः लिहून ठेवा.

नवा पंखा घ्यायचाच असेल तर बीएलडीसी मोटरचा पाहा. तो 30 वॅटच्या आसपास चालतो, म्हणजे तेवढ्याच तासांना 18 युनिट. महाग मिळतो, पण उरलेल्या 27 युनिटांत कूलर बरेच दिवस चालतो.

कूलर कोरड्या हवेत उत्तम, म्हणून तो आपल्या विदर्भात चालतो आणि मुंबईत नुसती चिकचिक करतो. पण तो खिडकीत हवा. बाहेरची हवा आत आणि समोरच्या दारातून बाहेर, तरच गारवा. बंद खोलीत ठेवला तर तासाभरात दमट कोंडवाडा. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, तिच्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो. आणि अर्थिंग तपासल्याशिवाय लोखंडी कूलर सुरू करू नका. पाणी भरताना पिन काढायचीच.

एसी घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण एकाच्या खोलीतली गरम हवा शेजारणीच्या दारात येते, आणि ती वीज कोराडी-खापरखेड्यात कोळसा जाळूनच येते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते तेव्हा वीज हाही विषय त्यांच्याकडे होता. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, असा त्यांचा आग्रह होता. आज आपली म्हातारी बिलाला भिऊन कूलर बंद ठेवते.

विजेआधी छताकडे पाहा. पांढरं छत ऊन परतवतं. अहमदाबादेत 2010 च्या उष्णतेच्या लाटेनंतर 2013 मध्ये उष्णता आराखडा झाला आणि पुढे वस्त्यांतली छतं पांढरी करायचं काम झालं. तेलंगणाने तर 2023 मध्ये थंड छतांचं धोरणच केलं. घरानुसार आत 2 ते 5 अंश फरक पडतो. स्लॅबवर चुना चालतो, टिनावर तो टिकत नाही, तिथे छतासाठीचा पांढरा रंग लागतो. सिमेंटचे पत्रे असतील तर ते घासू-कापू नका. अॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाते. त्यावर चढूही नका, ते फुटतात.

कुणी बरळू लागलं, अंग चटका बसेल इतकं तापलं, झटका आला, तर तो उष्माघात समजा. 108 ला फोन करा, पण गाडीची वाट पाहत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान-काख-जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

राहिला प्रश्न आजींचा. आपल्या बहुतेक वस्त्यांत उंच छताचं, पक्कं बांधकाम एकच असतं, विहार. सकाळच्या वंदनेनंतर त्याला कुलूप लागतं ते संध्याकाळपर्यंत. आम्ही विहार समितीला विचारलं, दुपारी 12 ते 4 उघडं ठेवू या का? बिल कोण भरणार, चावी कोणाकडे, तिथे लोक घोरत पडतील, सगळं निघालं. शेवटी चावी महिला मंडळाकडे आली, कूलर एका घरून आला, माठ दुसऱ्या. बिलासाठी घरटी दहा रुपये.

पहिल्या दिवशी चौघी आल्या. आजी पाचव्या दिवशी आल्या, हातात निवडायची तूर आणि सोबत शेजारणीचं बाळ घेऊन.