रुग्णवाहिकेवरची नोकरी : फी भरण्याआधी माल पारखा

दुकान एक आणि मुले तीन, अशी आपल्यापैकी अनेकांच्या घरची स्थिती आहे. सगळ्यांनाच गल्ल्यावर बसवता येत नाही. अशा घरात 'इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन व्हा, नोकरीची हमी' अशी जाहिरात पोचली की आशा वाटते आणि प्रसंगी दागिने गहाण ठेवून फी भरली जाते. हा पेशा इज्जतीचा आहे, यात शंका नाही. परंतु कोणता दाखला कुठे चालतो, हे आधी समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

काम काय असते?

हा माणूस डॉक्टर नव्हे आणि ड्रायव्हरही नव्हे. अपघात असो, हृदयविकार असो वा अडलेली बाळंतीण, रुग्ण हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्याला सांभाळणे हे त्याचे काम. वाहते रक्त थांबवणे, मोडलेले हाड आधार देऊन बांधणे, प्राणवायू लावणे, हृदय बंद पडल्यास मिनिटाला 100 ते 120 वेळा छाती दाबणे, हे सारे त्याला हातचे यावे लागते. रात्रपाळी आणि रक्त यांची ज्याला भीती वाटते, त्याने या वाटेला जाऊ नये.

दाखला कोणता?

बाजारात दोन प्रकारचे कोर्स आहेत. एक काही महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स, दुसरा डिप्लोमा किंवा पदवी. केंद्र सरकारने 2021 साली सहायक आरोग्य व्यवसायांसाठी कायदा केला. त्याच्या यादीत हा पेशा आहे. दोन ते चार वर्षांत किमान 2000 तासांचे शिक्षण झालेला डिप्लोमा वा पदवी असेल, तरच त्या कायद्यानुसार सहायक आरोग्य व्यावसायिक म्हणवता येते. छोट्या कोर्सने हाताला काम मिळू शकेल, पण तो या मापात बसत नाही.

म्हणून फी भरण्याआधी संस्थाचालकाला चार प्रश्न विचारा. दाखल्यावर सही-शिक्का कोणत्या विद्यापीठाचा वा मंडळाचा? हॉस्पिटलच्या अपघात विभागात आणि प्रत्यक्ष रुग्णवाहिकेवर किती तास काम मिळेल? ते लेखी देणार काय? मागच्या वर्षीची मुले आज कुठे कामाला आहेत? या मुलांना स्वतः जाऊन भेटा. नुसती पुस्तके वाचून कोणी शिवणकाम शिकत नाही, तसेच हेही आहे.

नोकरी कुठे?

108 क्रमांकाची सेवा 15 ऑगस्ट 2005 रोजी हैदराबादेत सुरू झाली. अनेक राज्यांत तिच्या गाड्यांवर टेक्निशियन असतात. महाराष्ट्रात मात्र 2014 साली ही सेवा 937 गाड्यांनिशी सुरू झाली, तेव्हा गाडीवर डॉक्टर ठेवण्याची पद्धत स्वीकारली गेली. आयुर्वेद व युनानी पदवीधरांना तेथे काम मिळाले. तेव्हा 'कोर्स करा, 108 वर लागाल' असे कोणी सांगितले, तर सावध राहा. आपल्याकडे टेक्निशियनने हॉस्पिटलचा अपघात विभाग, खासगी रुग्णवाहिका आणि मोठे कारखाने येथे प्रयत्न करावा. पाचशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात अँब्युलन्स रूम ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.

अर्जासोबत छाती दाबण्याच्या प्रशिक्षणाचे, म्हणजे बीएलएसचे, चालू कार्ड जोडावे. अमेरिकन हार्ट असोसिएशनचे कार्ड दोन वर्षे चालते, नंतर नवे करावे लागते. मुलाखतीत पुतळ्यावर हात चालवून दाखवायला सांगितले, तर मुलगा अडखळता कामा नये. नेमणूक कंत्राटदारामार्फत असेल, तर पगार, पाळीचे तास आणि प्रॉव्हिडंट फंड या गोष्टी पत्रावर लिहून घ्याव्यात.

कोकणातील पुष्कळ घरांची नजर आखाताकडे असते. तेथे नोंदणी आणि परीक्षा द्यावी लागते, आणि प्रमाणपत्र खरे की खोटे याची चौकशी ते देणाऱ्या संस्थेकडेच केली जाते. विकत घेतलेला कागद तेथे टिकत नाही.

आपण कापडाचा ताका घेतानाही उलगडून पाहतो. येथे तर मुलाची उमेदीची वर्षे गुंतवायची आहेत आणि पुढे कुणाचा तरी जीव त्याच्या हाती असणार आहे. चौकशीला चार दिवस लागले, तर लागू द्या.